बुधवारचं घड्याळ: पहिलं भारी घड्याळ घेणाऱ्यांसाठी

बाबांकडे एचएमटीचं जनता होतं. सकाळी दाढी झाली की बनियनवरच उभे राहून ते घड्याळाला चावी द्यायचे. अंगठा आणि तर्जनी, बारीक कर्र-कर्र आवाज, चावी घट्ट लागली की थांबायचं आणि मग पट्टा बांधायचा. घड्याळ दुरुस्तीला दिलं की पुढचे चार दिवस ते रिकामं मनगट चाचपत बसायचे. मी पहिलं महागडं घड्याळ घ्यायला निघालो तेव्हा हे सगळं विसरलो. घेतलं काय, तर सोनेरी, पातळ, मगरीच्या कातड्याच्या पट्ट्याचं. दोन वर्षांत मोजून अकरा वेळा घातलं, अकराही वेळा कुणाच्या तरी लग्नात. शेवटी घाट्यात विकलं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो: पहिलं घड्याळ बुधवारी घालता आलं पाहिजे. सोमवारी उत्साह असतो, शुक्रवारी सुटीचे वेध. बुधवार हा निखळ कामाचा वार. बसची दांडी, ऑफिसचं टेबल, भांडी घासायचं सिंक, पोरांची अंघोळ, जुलैचा पाऊस, हे सगळं सोसून संध्याकाळी जे हातावर असेल ते आपलं घड्याळ. खालच्या पायऱ्या याच कसोटीवर रचल्या आहेत.

पायरी १: आकडा ठरवा, आणि त्यात सर्व्हिसिंग धरा

दुकानात शिरण्याआधी आकडा कागदावर लिहा. तिथला सेल्समन गोड बोलतो, एसी गार असतो, आणि दोन लाखांचे तीन लाख कधी होतात ते कळत नाही. ढोबळ अंदाज असा: लाखाच्या आत टिसो. दीड ते साडेतीन लाखांत लाँजिन. तिथून पाचेक लाखांपर्यंत ट्यूडर. ओमेगाचं सीमास्टर किंवा स्पीडमास्टर पाचाच्या पुढे. रोलेक्स सहाच्या घरात सुरू होतं, अर्थात मिळालं तर. किमती दरवर्षी सरकतात, म्हणून त्या दिवसाचा भाव दुकानातच विचारा.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारा, जी बहुतेक लोक विचारत नाहीत: या मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसिंगचा आजचा दर काय? यांत्रिक घड्याळ पाच ते दहा वर्षांनी पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावं लागतं. तो खर्च हजारांत जातो, आणि क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ असेल तर साध्या तीन काट्यांपेक्षा बराच जास्त. हा आकडा ऐकून छाती दडपली तर ते घड्याळ आपल्या आवाक्यात नाही, मग ईएमआय कितीही बसत असो.

कराचं थोडक्यात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत देता-घेता येत नाही, पॅन द्यावा लागतो. घड्याळ १० लाखांच्या वर गेलं तर एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतलेला आगाऊ आयकर) घेतो, तो विवरणपत्र भरताना वळता करता येतो. स्वित्झर्लंडसोबतचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं थांबू नका. ड्यूटी उतरते तेवढ्यात कंपन्या मूळ किंमत वाढवतात, हा आजवरचा अनुभव.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर सोनं घ्या. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जुन्या घड्याळांचे भाव आभाळाला टेकले होते, मग दणकन खाली आले. वरच्या भावात हात घालणारे अजून कपाळाला हात लावून आहेत.

पायरी २: वारसा म्हणजे डायलवरचं साल नव्हे

व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन १७५५, लाँजिन १८३२, जेगर-लकुल्त्र १८३३, ओमेगा १८४८, टिसो १८५३. ही सालं जाहिरातीत ठळक छापतात. पण साल जुनं असलं म्हणजे घराणं अखंड चाललं असं होत नाही. जर्मनीतलं लांगे १८४५ चं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीत कारखाना सरकारजमा झाला आणि डायलवरून नाव गेलं ते गेलंच. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मध्ये त्याच कुटुंबातल्या वॉल्टर लांगेंनी ते पुन्हा उभं केलं. आजची लांगेची घड्याळं अव्वल आहेत, पण मधली चाळीस वर्षं रिकामी आहेत हे ठाऊक असावं.

आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. फावर-लूबाचं मूळ १७३७ चं, पण १८६५ मध्ये ही मंडळी मुंबईत व्यापाराला आली आणि पुढची शंभरेक वर्षं आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनगटावर राहिली. जुन्या घरात कपाट उपसलं तर 'सी किंग' किंवा 'सी चीफ' सापडण्याची शक्यता चांगली आहे. सेलवर चालणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत कंपनी कोसळली, नाव या हातातून त्या हातात गेलं, २०११ मध्ये टायटनने घेतलं, आणि आता ते एथोस या भारतीय घड्याळविक्रेत्या कंपनीच्या छत्राखाली नव्याने निघालं आहे. नाव तेच असलं तरी नवीन फावर-लूबा घेताना तुम्ही आजोबांचं घड्याळ घेत नसता. त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

माझी वारशाची परीक्षा साधी आहे: साठ वर्षांपूर्वीचं तुमचं घड्याळ आज आणून दिलं तर दुरुस्त कराल का? जी कंपनी हो म्हणते, जिच्याकडे जुन्या नोंदवह्या आणि सुटे भाग आहेत, तिचा वारसा खरा. पटेक फिलिप, व्हॅशेरॉन, ओमेगा, लाँजिन, जेगर-लकुल्त्र हे करतात. तुमची कंपनी काय म्हणते ते दुकानदाराला विचारा आणि त्याच्या उत्तराआधीचा विराम मोजा.

जेगर-लकुल्त्रच्या रेव्हर्सोचा मोह मात्र मला अजून सुटत नाही. कंपनी सांगते ती गोष्ट अशी: भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या. सेझार द ट्रे या स्विस व्यापाऱ्याला कुणीतरी असं फुटकं घड्याळ दाखवलं आणि म्हणालं, काहीतरी करा. त्यावर तोडगा म्हणून असं घड्याळ निघालं की ज्याचा डबा रुळावर सरकवून उलटा करता येतो, काच आत आणि पोलादाची पाठ बाहेर. पेटंटचा अर्ज पॅरिसमध्ये ४ मार्च १९३१ रोजी दाखल झाला. हातात घेऊन तो डबा उलटताना शेवटी जो मऊ 'टक्' आवाज येतो, तो ऐकून माझा एक मित्र दुकानातच अर्धा तास उलटसुलट करत बसला होता. सेल्समनने दुसऱ्यांदा चहा मागवला. तर हे घड्याळ भारताच्या मातीवर सुचलं, पण भारताच्या पावसासाठी नाही: पाण्याची हमी जेमतेम ३० मीटर, बहुतेकांना चामड्याचा पट्टा. कोकणात राहत असाल तर ते दुसरं किंवा तिसरं घड्याळ ठेवा.

पायरी ३: व्हिजिटिंग कार्ड कापा

नवखे लोक डब्याचा, म्हणजे केसचा व्यास बघतात, ४० मिलिमीटर की ४२. हातावर घड्याळ कसं बसेल ते ठरतं दुसऱ्याच मापावर: पट्टा जिथे अडकतो ते वरचे-खालचे कान, त्यांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर. इंटरनेटवर हे माप प्रत्येक मॉडेलचं मिळतं. एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, तेवढ्या लांबीचा तुकडा कापा, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर आडवा, म्हणजे हाताच्या रेषेला काटकोनात, जसं घड्याळ बसतं तसा चिकटपट्टीने लावा आणि आरशात बघा. तुकड्याची टोकं मनगटाच्या बाहेर डोकावत असतील तर ते घड्याळ तुमचं नाही. माझं मनगट साडेसोळा सेंटिमीटरचं आहे. ४८ मिलिमीटरचा तुकडा बसतो, ५१ चा पुलासारखा तरंगतो.

आरशातच बघा, मोबाइलच्या फोटोत नको. जवळून काढलेल्या फोटोत प्रत्येक घड्याळ ताटाएवढं दिसतं.

जाडीही बघा. ओमेगाचं स्पीडमास्टर ४२ मिलिमीटरचं असूनही अनेकांच्या बारीक मनगटावर चालतं, कारण त्याचे कान आखूड आणि खाली वळलेले आहेत. पण शर्टाच्या बंद बाहीखाली ते अडतं. ३९ मिलिमीटरचं ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट त्यापेक्षा सहज सरकतं. रोलेक्सचं एक्स्प्लोरर ३६ मध्येही येतं, आणि पुरुषांनी ३६ लहान म्हणून हिणवू नये. एव्हरेस्टच्या वर्षीची, १९५३ ची एक्स्प्लोरर साधारण त्याच मापाची होती. बायकांनीही फक्त 'लेडीज' म्हणून मांडलेल्या कपाटापुरतं थांबू नये. तिथे हिरे जास्त आणि मशीन कमी असं अनेकदा असतं.

पायरी ४: मशीन निवडा, पण त्याचा बाऊ करू नका

पर्याय तीन. क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं. हातचावीचं, बाबांच्या जनतासारखं. आणि ऑटोमॅटिक, ज्यात आतलं अर्धगोल वजन हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग गुंडाळत राहतं.

आधी भ्रम काढून टाका. पाच लाखांचं यांत्रिक घड्याळ पाच हजारांच्या क्वार्ट्झपेक्षा कमी अचूक असतं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था मशीन १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते. त्यात दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात, म्हणजे महिन्याला तीन मिनिटं पुढे गेलं तरी ते प्रमाणित. रोलेक्स स्वतःसाठी दिवसाला दोन सेकंद मागे-पुढे एवढीच मुभा ठेवतं. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं दिवसाला ० ते अधिक ५ सेकंदांत बसतात आणि १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र झेलतात. हा चुंबकाचा मुद्दा रोजच्या वापरात सेकंदांपेक्षा मोठा आहे. मोबाइलचं कव्हर, टॅबलेटचं झाकण, स्पीकर, पर्सचं बटण, सगळीकडे चुंबक आहे, आणि साध्या घड्याळाला तो लागला की ते अचानक दिवसाला मिनिटभर पुढे पळू लागतं. तसं झालं तर घाबरू नका. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं छोटं यंत्र असतं, मिनिटाभराचं काम.

मग 'मशीन कंपनीचं स्वतःचं आहे का' हा वाद. मंडळी यावर हातघाईवर येतात. मी फार महत्त्व देत नाही. १९७२ ला आलेलं ओडेमार पिगेचं रॉयल ओक घ्या, ज्याच्या नावाने लोक आज जमिनी विकायला तयार असतात. त्यातलं मशीन जेगर-लकुल्त्रच्या घराण्यातलं होतं. रोलेक्स डेटोनात १९८८ ते २००० या काळात झेनिथ कंपनीच्या एल प्रिमेरो या मशीनवर बेतलेलं मशीन होतं. लाँजिन आणि टिसो आपल्याच समूहातल्या ईटीए कंपनीची मशीनं वापरतात, आणि त्याचा तुम्हाला फायदाच आहे: वॉरंटी संपल्यावर पुण्या-मुंबईतला कुठलाही जाणता कारागीर ती उघडू शकतो. स्वतःच्या बनावटीचं दुर्मिळ मशीन असेल तर घड्याळ थेट परदेशी जातं आणि महिनोन्‌महिने येत नाही.

रोज तेच एक घड्याळ घालणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या. दोन-तीन आलटून-पालटून घालणार असाल तर न घातलेलं किती तास चालतं ते बघा; टिसोच्या पॉवरमॅटिक मशीनला ८० तास मिळतात, म्हणजे शुक्रवारी काढून ठेवलं तरी सोमवारी चालू. आणि रोज सकाळी चावी देण्यात तुम्हालाही मजा वाटत असेल तर हातचावीचं घ्या. त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागत नाही.

पायरी ५: पाणी, घाम, काच

पाठीवर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून ३० मीटर खोल जायचं नसतं. त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालेल, एवढाच. पोहायचं असेल तर १०० मीटर आणि शक्यतो फिरवून बंद होणारी चावी. चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टरला नासाने १९६५ मध्ये पास केलं, १९६९ मध्ये ते चंद्रावर उतरलं, पण त्याची पाण्याची हमी आहे ५० मीटर. चंद्रावर पाऊस पडत नाही. अलिबागच्या समुद्रात त्याला नेऊ नका.

हमी कायमची नसते. रबराचे बारीक वॉशर सुकतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर प्रेशर टेस्ट करून घेतली की बरं. काचेआड आतून धुकं दिसलं तर तांदळात ठेवणं वगैरे उद्योग न करता त्याच दिवशी कारागीर गाठा. आतली चाकं गंजायला फार दिवस लागत नाहीत.

चामड्याच्या पट्ट्याला आपला घाम दोन उन्हाळ्यांत खातो आणि वास सुटतो. म्हणून पहिलं घड्याळ पोलादी साखळीवर घ्या. त्याच मॉडेलला चामड्याचा पट्टा नंतर लावता येतो आणि तो स्वस्तात पडतो. उलट, नंतर कंपनीची साखळी घ्यायला गेलात की डोळे पांढरे होतात. साखळी बंद करायची कळ (क्लास्प) बघताना तिच्यात बारीक सैल-घट्ट करायची सोय आहे का ते बघा. मे महिन्यात मनगट फुगतं, हे नागपूरकरांना सांगायला नको.

पायरी ६: कुठून घ्यायचं

अधिकृत विक्रेता सगळ्यात सरळ. काही लोकप्रिय मॉडेलांसाठी तिथे नाव नोंदवून थांबावं लागतं. थांबायला हरकत नाही, पण 'आधी हे दुसरं घ्या, मग ते मिळवून देतो' असं कानात सांगितलं गेलं तर नमस्कार करून बाहेर या. नको असलेलं घड्याळ घेऊन हवं असलेलं महाग करण्याचा तो प्रकार आहे.

जुनं घ्यायचं असेल तर घड्याळाइतकाच विकणारा निवडा. मी एकदा एका दुकानातून 'नुकतंच सर्व्हिस केलेलं' म्हणून एक जुनं घड्याळ उचललं. कागद मागितला नाही, कारण माणूस गोड होता आणि त्याने माझ्या गावची चौकशीही केली होती. चार महिन्यांनी घड्याळ रात्रीत थांबू लागलं. घड्याळजीने पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि मला बघायला दिलं: तेल सुकून तपकिरी पापुद्रा झाला होता आणि एका स्क्रूची खाच स्क्रू-ड्रायव्हर घसरून सोलवटलेली. सर्व्हिसिंग झाल्याचा कागद म्हणजे कुणी, कधी, काय बदललं हे लिहिलेलं बिल. तोंडी सर्व्हिसिंगला किंमत शून्य.

जुन्या घड्याळांच्या जगात आपल्या शहराच्या नावाची एक शिवी आहे, तीही माहीत असू द्या: 'मुंबई स्पेशल'. जगभरचे संग्राहक हा शब्द वापरतात. जुनं खरं मशीन, त्यावर नव्याने रंगवलेली भडक डायल, तिसऱ्याच घड्याळाचे काटे, आणि वर फावर-लूबा किंवा एचएमटीचं नाव. साठ वर्षांचं घड्याळ आणि डायल काल रंगवलेल्या ट्रकसारखी चकचकीत, तर संशय घ्या. अक्षरांच्या कडा भिंगातून बघा, मूळ छपाई सुबक असते, नवी पसरलेली. केसच्या कडाही बघा. वारंवार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि झिजलेलं पोलाद परत येत नाही.

चांगली नक्कल बाहेरून ओळखणं आता घड्याळजींनाही अवघड जातं. पाठ उघडून मशीन दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका, बस.

पायरी ७: घेण्याचा दिवस

पहिल्या भेटीत पैसे देऊ नका. घड्याळ हातावर चढवा, वीस मिनिटं तसंच बसा, चहा घ्या, फोनवर बोला, पूर्ण बाहीचा शर्ट घालून गेलात तर उत्तम. चावी ओढून वेळ लावून बघा. काटे फिरताना अडखळत किंवा उड्या मारत नसावेत. दुकानातला स्पॉटलाइट प्रत्येक डायलला हिरा बनवतो, म्हणून दाराशी जाऊन उजेडात बघू द्या म्हणा. चांगला दुकानदार सोबत माणूस देऊन पाठवतो.

दुसऱ्या भेटीत घेताना वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाची नोंद, कार्डावरचा आणि घड्याळावरचा सिरीयल नंबर एकच, आणि बिलावरही तोच नंबर, या तीन गोष्टी तिथेच उभ्या उभ्या तपासा. तिन्हींचा फोटो काढून घरच्या एखाद्याला पाठवून ठेवा. चोरी झाली तर पोलीस आणि विमावाले आधी तो नंबरच विचारतात.

परदेशातून येताना आणलं तर विमानतळावर लाल मार्गिकेतून जा आणि ड्यूटी भरा. 'हातावर घातलं की कळत नाही' हे सांगणाऱ्याला कस्टममधल्या माणसांनाही घड्याळं कळतात हे ठाऊक नसतं.

पहिले काही आठवडे

तारीख असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने पुढे ढकलू नका. त्या वेळात आतली चाकं तारीख बदलायच्या तयारीत गुंतलेली असतात, जोर दिला की दात तुटतो. काटे सहाच्या आसपास आणा, मग तारीख लावा. फिरकीच्या चावीचं घड्याळ असेल तर चावी पूर्ण बंद केल्याशिवाय बेसिनजवळ जाऊ नका. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने साखळी धुवा. कड्यांच्या फटीतून निघणारं काळं पाणी बघून बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

ओरखडा पडेलच. माझा पडला तो सासरच्या लोखंडी फाटकाच्या कडीवर, घेतल्यापासून नवव्या दिवशी, तोही बुधवारीच. रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. दुसरा कधी पडला ते मला सांगता येणार नाही. पॉलिश करून घ्यायची घाई करू नका, ते काम पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी, आणि तेव्हाही नको म्हणता येतं.

साखळी मनगटाला बसवताना दुकानदाराने काढलेल्या कड्या मात्र मागून घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खोक्यात ठेवा. पुढच्या मे महिन्यात त्यातली एक परत लागते.